वळसंगचे लेकरू आणि सोलापूरचा गड्डा

मुंबई इलाख्याच्या सरकारने १८८४ साली सोलापूर जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध केले, त्यात पिके, माग, बाजार, विहिरी, तळी आणि रस्ते यांची जी काटेकोर मोजदाद आहे ती चाळताना त्या काळच्या अंमलदारांच्या चिकाटीचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. परंतु ज्या एका प्रवाशाच्या भुकेवर, झोपेवर आणि मर्जीवर घरोघरीच्या जत्रेचा सारा बेत उभा राही आणि मोडूनही पडे, तो प्रवासी या अंमलदारांच्या नजरेत भरण्याजोगा नव्हता. त्याच्या नावावर सारा नव्हता, शेत नव्हते, आणि पुष्कळ वेळा धड उच्चारता येईल असे नावही त्याला अद्याप चिकटलेले नसे. हा प्रवासी म्हणजे नुकते पाऊल टाकू लागलेले, आईच्या कडेवरून उतरायला उत्सुक आणि उतरल्याबरोबर पुन्हा कडेवर चढायला त्याहून उत्सुक असलेले लेकरू. खेड्यातल्या कुटुंबाने अशा लेकराला घेऊन शहरात उत्सवाला जाण्याचा रिवाज आपल्याकडे शेकडो वर्षांचा आहे, आणि त्या रिवाजाचा इतिहास लिहायचा तर वळसंगसारखे दुसरे सोयीचे गाव नाही, असे मला वाटते.

सोयीचे अशासाठी की, दक्षिण सोलापूर तालुक्यातील हे गाव सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावर अशा अंतरावर वसलेले आहे की, तेथून सोलापूर जवळही म्हणता येत नाही आणि दूरही म्हणता येत नाही. वीस-पंचवीस किलोमीटरांची ही वाट, जुन्या हिशेबाने सात-आठ कोसांची. एकटा गडी पहाटे निघाला तर दोन प्रहरी पायी पोहोचेल, देवदर्शन उरकेल आणि हिंमत असेल तर रात्री घरी परतेल. पण पोराबाळांचे कुटुंब निघाले की हेच अंतर मुक्कामाचे होते, आणि मुक्काम आला की शिधा आला, अंथरूण-पांघरूण आले, सोयरे आले, आणि या सगळ्यांची तजवीज करणारी घरातली वडीलधारी बाई आली. गावात कानडी आणि मराठी या दोन्ही भाषा एकाच ओसरीवर नांदत आलेल्या आहेत. पूर्वेला अक्कलकोट, जेथे १८७८ मध्ये स्वामी समर्थांनी देह ठेवला. पश्चिमेला सोलापूर, जेथे बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तळे खोदविले. वळसंगच्या माणसाला देवदर्शनाची तहान लागली तर दोन्ही दिशांना वाट मोकळी होती. परंतु लेकराला घेऊन, नवे कपडे घालून, सगळ्या घरादाराने मिळून जायचे ते सोलापूरला, आणि तेही संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याला, म्हणजे याच सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला.

या यात्रेचा आणि लेकरांचा संबंध केवळ पाळण्यांचा आणि पिपाण्यांचा नाही. सिद्धरामेश्वर हे बसवेश्वर आणि अल्लमप्रभू यांच्या काळातले शिवयोगी. कानडी वचनवाङ्मयात त्यांच्या वचनांना मानाचे स्थान आहे, आणि सोन्नलगी या नावाने त्या वाङ्मयात वावरणारे गाव म्हणजेच आजचे सोलापूर. गावाभोवती त्यांनी अडुसष्ट लिंगांची स्थापना केली अशी परंपरा आहे. यात्रेची कथा अशी सांगतात की, एका कुंभारकन्येने या विरक्त योग्याशी विवाह करण्याचा हट्ट धरला, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह लावण्याची तिला अनुमती दिली. आणि त्या विवाहाचे स्मरण म्हणून दरवर्षी जानेवारीच्या मध्यावर सात नंदीध्वज मिरवीत नेले जातात. पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा आणि तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर दुपारी अक्षता, संक्रांतीच्या सायंकाळी होम, त्यानंतर वासराच्या हालचालींवरून येत्या वर्षाची भाकणूक, मग शोभेचे दारूकाम, आणि अखेरीस कप्पडकळी म्हणजे वस्त्रविसर्जन, असा हा लग्नघराचाच कार्यक्रम आहे. ज्या देशी लग्नाला लेकरे घेऊन जाण्याचे निमंत्रण वेगळे द्यावे लागत नाही, त्या देशी देवाच्या लग्नाला ती मागे राहतील कशी?

शिवाय तिथी पाहा. संक्रांत हा मुळी लेकरांच्या कौतुकाचा सण. पहिल्या संक्रांतीपासून पाच वर्षांच्या आतल्या कोणत्या तरी वर्षी बोरन्हाण घालायचे. काळे झबले, गळ्यात हलव्याचा हार, कपाळी हलव्याची बिंदी, आणि डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे यांचा वर्षाव. आळीतली थोरली पोरे तो खाऊ वेचायला टपून बसलेली असतात, आणि ज्याच्यासाठी हा सोहळा तो मात्र चार बोरे डोक्यात पडताच भोकाड पसरतो. भोगीच्या दिवशी मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली भाकरी, संक्रांतीला शेंगपोळी, रानात ज्वारीचा हुरडा, घरात नव्या गुळाची ढेप. अशा भरल्या दिवसांत घरातील लेकराला शहर दाखवावे, देवाच्या पायावर घालावे, आणि जावळाचा नवस असल्यास तोही फेडावा, हा विचार कुणालाही सहज सुचेल.

जावळाचा प्रसंग मी जवळून पाहिला आहे, आणि त्यातील एक गोष्ट प्रत्येक वेळी माझ्या ध्यानात राहिली आहे. विधी पहिल्या किंवा तिसऱ्या अशा विषम वर्षी करायचा, लेकराने मामाच्या मांडीवर बसायचे, आणि नाभिकाने वस्तरा लावण्यापूर्वी एक बट कात्रीने कापायची, हे सर्वांना पाठ असते. परंतु त्या क्षणी लेकरू ज्याच्याकडे पाहत असते तो ना देव असतो ना नाभिक. ते मामाच्या सदऱ्याच्या गुंड्यांकडे पाहत असते. नवा सदरा, त्याच्या चकचकीत गुंड्या, आणि त्यांतील एखादी तोंडात घालण्याचा त्याचा अखंड उद्योग. अनुभवी मामा ती गुंडी त्याला चघळू देतो. अननुभवी मामा हात धरू जातो, आणि मग जे रडणे सुरू होते ते मानेवरचा शेवटचा केस निघेपर्यंत थांबत नाही. डोके तुळतुळीत झाल्यावर त्यावर हळदीचे किंवा कुंकवाचे स्वस्तिक रेखतात, टोपडे चढवितात. आणि आई आपल्याच पोराकडे, हे कुणाचे, अशा मुद्रेने क्षणभर पाहते.

आता बेताकडे वळू. रेल्वेपूर्व काळी, आणि खरे सांगायचे तर रेल्वे आल्यानंतरही पुष्कळ वर्षे, वळसंगसारख्या गावाहून शहरात जाण्याचे मुख्य वाहन म्हणजे बैलगाडी. भरली गाडी तासाला फार तर कोस-सव्वा कोस चालते. म्हणजे सात-आठ कोसांना सहा-सात तास हवेत, आणि वाटेत बैल सोडून त्यांना पाणी-वैरण द्यायची तर त्याहून अधिक. या एका गणितातून सारा बेत निघे. पहाटे निघावे तर पौषातली थंडी, लेकराच्या छातीत कफ. उशिरा निघावे तर दुपारचे ऊन डोक्यावर आणि पोहोचेतो दिवस कलता. म्हणून पुष्कळ गाड्या आदल्या रात्री जेवणे उरकून चांदण्यात जुंपल्या जात. गाडीत खाली कडब्याचा जाड थर, त्यावर घोंगडी, त्यावर वाकळ, मध्ये आई आणि लेकरू, कडेने बोचकी, पुढे धुरेवर कर्ता पुरुष, आणि गाडीखाली लोंबणारा कंदील. चाकांच्या कुरकुरीत आणि घुंगरांच्या लयीत लेकरू रात्रभर झोपे आणि उजाडता उजाडता सोलापूरच्या वेशीशी डोळे उघडे. आजच्या जाणत्या आया पोराच्या झोपेची वेळ साधून प्रवास आखतात आणि ही युक्ती आपणच शोधून काढली असे मानतात. त्यांच्या पणज्यांना ती पाठ होती.

शिध्याची मसलत सासू-सुनांची. मोठ्यांसाठी कडक भाकरी, शेंगांची चटणी, धपाटे, शेंगपोळ्या. हे पदार्थ चार दिवस टिकतात आणि या जिल्ह्याच्या कोरड्या हवेत आणखीही टिकतात. पंचाईत लेकराची. दूध वाटेत नासते, आणि शहरातल्या दुधावर खेड्यातल्या आजीचा विश्वास कधीच नसतो. म्हणून पुष्कळ घरांतून दुभती शेळीच गाडीच्या मागे बांधून नेत. तेही नसले तर भाकरी कुस्करून गरम पाण्यात आणि गुळात कालवायची, किंवा मऊ भाताची पोटली जवळ ठेवायची. सोबत वेखंड, सुंठ, जायफळ आणि सहाण, कानटोपी किंवा कुंची, दुपट्यांचा गठ्ठा, दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या, आणि गालावर लावायला काजळाची डबी. पहिल्या गड्ड्याला निघालेल्या सुनेने आधी देव की आधी बाजार असा प्रश्न विचारावा आणि सासूने, "देव कुठं जात न्हाई बाई, आधी लेकराचं पोट बघ," असे उत्तर द्यावे, हे संभाषण या मुलखात किती पिढ्या चालत आले असेल याचा अदमास करणे कठीण आहे.

आणि पाणी. लहान मूल बरोबर असले की प्रवासाचा पहिला आणि शेवटचा प्रश्न पाण्याचाच असतो. या जिल्ह्यात तर तो नेहमीच जिव्हारी लागणारा, कारण हा अवर्षणाचा मुलूख. पण वाटेवर विहीर दिसते म्हणजे पाणी मिळते असा अर्थ सर्वांसाठी होत नसे, हे विसरून या रिवाजाचा इतिहास लिहिणे म्हणजे अर्धाच इतिहास लिहिणे होय. वळसंगला हे विसरण्याची मुभाच नाही. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन जो लढा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उभा केला, त्याच्यानंतर दहा वर्षांनी, १९३७ च्या एप्रिलात, त्यांच्याच हस्ते वळसंग येथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या विहिरीचे लोकार्पण झाले, आणि ती विहीर आजही गावाचे भूषण म्हणून दाखविली जाते. स्वतःच्या गावात स्वतःची विहीर मिळविण्यासाठी ज्यांना १९३७ साल उजाडावे लागले, त्यांनी कडेवर लेकरू घेऊन शहराची वाट धरली तर सात-आठ कोसांत त्यांनी पाणी कुठे मागावे? त्यांच्या बोचक्यात भाकरीच्या आधी पाण्याचे मडके बांधले जात असणार, आणि ते फुटले तर त्या दिवसाचा उत्सव तिथेच संपत असणार. देवळाचे दारही कायद्याने उघडले ते मुंबई सरकारच्या १९४७ च्या मंदिरप्रवेशाच्या कायद्याने. त्याच वर्षीच्या मे महिन्यात याच जिल्ह्यात पंढरपूरला साने गुरुजींनी प्राण पणाला लावले होते. सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांचे मान निरनिराळ्या समाजांकडे वाटलेले आहेत ही या यात्रेची थोरवी खरी. पण मिरवणुकीतला मान आणि वाटेवरचे पाणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि तहानलेल्या पोराच्या आईला दुसरीची किंमत अधिक वाटते.

सोलापुरात पोहोचल्यावर उतरायचे कुठे, या प्रश्नाचे उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पालटले, आणि ते पालटण्याला देव कारण झाला नाही, कापूस झाला. १८५२ मध्ये शहराला नगरपालिका मिळालेली होती. १८६० मध्ये मुंबईकडून लोहमार्ग सोलापुरास येऊन थडकला आणि १८७१ पर्यंत तो रायचुरास जाऊन भिडला. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल सुरू झाली, जिला सारे शहर पुढे जुनी गिरणी म्हणून ओळखू लागले. तिच्यामागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, आसपासच्या खेड्यांतून कुणबी, मराठे, लिंगायत, दलित आले, आणि प्रत्येक खेड्याचे एखादे तरी बिऱ्हाड शहरातल्या चाळीत जाऊन बसले. लोहमार्गाचा लाभ वळसंगला तितकासा झाला नाही, कारण स्टेशन गावात नव्हते. होटगी किंवा तिलाटी गाठण्यासाठी गाडी जुंपावीच लागे, आणि एकदा जुंपली की अर्ध्या वाटेत सोडण्यापेक्षा ती तशीच सोलापूरपर्यंत हाकणे शहाणपणाचे. पण गिरण्यांचा लाभ मात्र झाला. पूर्वी जे कुटुंब तळ्याच्या काठी किंवा धर्मशाळेत उतरे, ते आता चाळीतल्या मावशीकडे, आत्याकडे, चुलत्याकडे उतरू लागले.

लेकराच्या दृष्टीने हा बदल केवढा मोठा होता, हे ज्यांनी जत्रेच्या गर्दीत भुकेले, झोपाळलेले, अर्धे ओले मूल सांभाळले आहे त्यांनाच समजेल. चाळीतल्या खोलीत चूल होती, मोरी होती, छताच्या हुकाला बांधलेली झोळी होती, आणि शेजारपाजारच्या दहा बायका होत्या. सकाळी नंदीध्वज पाहून यावे, दुपारी पोराला झोळीत टाकावे, मावशीने त्याच्याकडे लक्ष ठेवावे, आणि तेवढ्या वेळात आईने मोकळ्या हाताने गड्डा हिंडून यावा. माझ्या मते, खेड्यातील तरुण आईला शहर म्हणजे काय ते खऱ्या अर्थाने दिसले ते या दोन तासांत. पाळीचा भोंगा झाला की झोळीतले पोर दचकून उठे. चाळीतल्या पोरांना मात्र त्या भोंग्याने झोप लागे, आणि मावशीला आपल्या बहिणीच्या पोराच्या नाजुकपणाचे हसू येई. या मुक्कामात पाहुण्यांनीही रिकाम्या हाताने यायचे नसे: ज्वारीचे पोते, हुरड्याची कणसे, तूर, तीळ, शेळीचे दूध, आणि जाताना पाहुण्यांच्या बोचक्यात मावशीकडून गिरणीच्या कापडाचा एखादा तुकडा, ज्याचे पुढे झबले व्हायचे. खेडे आणि शहर यांच्यामधला हा सौदा कोणत्याही बाजारसमितीच्या दरपत्रकात सापडणार नाही, तरी तो शंभर वर्षे बिनबोभाट चालला.

या शंभर वर्षांत शहरावर संकटेही आली. १९३० च्या ६ एप्रिलला नगरपालिकेवर तिरंगा चढला, मे महिन्यात लष्करी कायदा पुकारला गेला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. दिवस पाहावा: गड्ड्याच्या अगदी तोंडावरचा. त्या संक्रांतीला सोलापुरात ज्यांनी कुणी तिळगूळ वाटला असेल, त्यांच्या तोंडी तो गोड लागला असेल असे वाटत नाही. आज चार हुतात्म्यांचे पुतळे ज्या चौकात उभे आहेत, तेथूनच गड्ड्याकडे गर्दी वाहत असते, आणि वडिलांच्या खांद्यावर बसलेली पोरे त्या पुतळ्यांकडे बोट दाखवून हे कोण म्हणून विचारतात. उत्तर देण्यापुरते थांबण्याइतकी सवड वडिलांना असतेच असे नाही.

खांद्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो की, गड्ड्यात लेकराचे खरे आसन तेच. नंदीध्वजांच्या उंचच उंच काठ्या, त्यांना बांधलेली बाशिंगे, खोबऱ्याच्या आणि साखरेच्या हारड्यांच्या माळा, आणि खाली पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतल्या माणसांचा समुद्र, हे दृश्य कडेवरच्या पोराला दिसत नाही. त्याला दिसतात फक्त पाठी. खांद्यावर चढविले की एकाएकी तोच सगळ्या मिरवणुकीचा मानकरी होतो. 'हर्र बोला हर्र' चा गजर उठला की काही लेकरे घाबरून बापाचे केस मुठीत धरतात, काही हात उंचावून आपल्या भाषेत साथ देतात. अक्षतांच्या वेळी जोंधळ्याचे दाणे टोपड्यात, कानात, बापाच्या गळपट्टीत जाऊन बसतात आणि रात्री अंथरुणात सापडतात. मिरवणूक पायी चालते, थांबत थांबत चालते, तिला घाई नसते. अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला सारा दिवस लागतो. दोन वर्षांच्या पोराची चालही अशीच असते. पुष्कळ आधुनिक करमणुकींपेक्षा ही यात्रा लहान मुलांना का मानवते, याचे कारण माझ्या समजुतीप्रमाणे या गतीत आहे.

होम मैदानावरचा बाजार हा गड्ड्याचा दुसरा अर्धा भाग, आणि तो पुढे पंधरा-वीस दिवस चालू राहतो. पाळणे, मौत का कुआँ, जादूचे प्रयोग, भांड्यांची दुकाने, बांगड्यांच्या उतरंडी. विजापूर रस्त्याकडे रेवणसिद्धेश्वराच्या बाजूला जनावरांचा बाजार, जिथे खिलारी खोंडांचे दात पाहणाऱ्या आजोबांना नातवाची आठवण दोन तास राहत नाही. लेकरासाठी घ्यायच्या वस्तू ठरलेल्या: लाकडी खुळखुळा, पिपाणी, कागदी भिरभिरे आणि, चालू लागायचे असेल तर, लाल-हिरव्या लाखेचा पांगुळगाडा. या चारांपैकी टिकतो तो फक्त पांगुळगाडा; तो एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातो आणि घरात तीन-चार पोरे चालायला लावून मगच चुलीत जातो. पिपाणी मैदानाच्या कडेला पोहोचेपर्यंत बंद पडते, हे आईवडिलांवरचे ईश्वरी उपकार समजावेत.

आता या रिवाजाला जिथे खरी कलाटणी मिळाली तिथे येऊ. १९४८ च्या १ जूनला पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली, आणि पुढच्या वर्षांत ती गावोगावच्या फाट्यांवर थांबू लागली. सोलापूर–अक्कलकोटसारख्या वर्दळीच्या रस्त्यावर वळसंगच्या माणसाला आता बैलांची गरज उरली नाही. रात्रीची वाट तासाभराची झाली. सर्वांनी याला सुधारणा म्हटले, आणि मोठ्या माणसाच्या दृष्टीने ती निखालस सुधारणा होती. पण तासाभरात पोहोचता येते याचा अर्थ त्याच दिवशी परतता येते असा झाला. परतता येते म्हणून राहण्याचे कारण संपले. राहणे संपले तसे सोबत शिधा नेणे संपले, मावशीच्या झोळीतली झोप संपली, आणि आईचे ते मोकळे दोन तासही संपले. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, चाळी ओस पडल्या, मावशीची मुले पुण्या-मुंबईकडे पांगली, आणि उतरायला जे घर होते तेही गेले. वाहन जसजसे जलद होत गेले तसतसा लेकराचा उत्सव आखूड होत गेला, हे माझे या सगळ्या इतिहासाचे वाचन आहे, आणि ते कुणाला उलटे वाटले तर त्याने भर दुपारी होम मैदानावर तासभर उभे राहून आयांच्या खांद्यांवर मान टाकून झोपलेली, उन्हाने लाल झालेली पोरे पाहावीत.

तरी सरकारला दोष देण्याचे कारण नाही. उलट भाड्याच्या बाबतीत तर आज या प्रवाशांचे राज्य आहे. एसटीत पाच वर्षांखालील मुलाला तिकीट नाही. २०२२ च्या ऑगस्टपासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजीला प्रवास मोफत झाला, आणि २०२३ च्या मार्चपासून आईला अर्धे तिकीट लागू झाले. म्हणजे वळसंगच्या फाट्यावर आजी, सून, नातू आणि मुलगा असे चौघे गाडीत चढले तर पूर्ण भाडे एकट्या कर्त्या पुरुषाकडूनच वसूल होते. ज्या प्रवाशांना पूर्वी गाडीच्या मधोमध कडब्यावर बसवून नेत, त्यांचा मान महामंडळाने अशा रीतीने राखला आहे. एसटीच्या स्थानकांवर स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्षही झाले. रायगडाचा कडा उतरून तान्ह्याकडे धावलेल्या त्या गवळणीचे नाव या खोल्यांना शोभते.

२०२१ च्या जानेवारीत महामारीमुळे गड्डा भरला नाही. मोजक्या मानकऱ्यांत धार्मिक विधी उरकले आणि होम मैदान रिकामे राहिले. त्या सुमारास जन्मलेल्या लेकरांचा पहिला गड्डा लांबला, आणि ती पुढे गेली तेव्हा कडेवरची नव्हती, बोट धरून चालणारी होती. काहींनी पांगुळगाडा केवळ दुकानात पाहिला. रस्ता आता रुंद झाला आहे, वळसंगजवळ टोलनाका आहे, आणि चारचाकीतून येणारी कुटुंबे मैदानाजवळ गाडी लावायला जागा शोधण्यात जेवढा वेळ घालवितात तेवढ्यात पूर्वीचा गाडीवान बैल सोडून, वैरण टाकून, तोंड धुऊन मोकळा होई.

यात्रेची पंचकमिटी आणि महानगरपालिका यांना एकच विनंती करावीशी वाटते. मैदानाची आखणी करताना पाळण्यांना आणि दुकानांना जागा मोजून देतात, तशीच तळ्याच्या किंवा किल्ल्याच्या बाजूला, ध्वनिक्षेपकांपासून दूर, सावलीची एक प्रशस्त जागा झोपलेल्या लेकरांसाठी आणि त्यांच्या आयांसाठी मोजून द्यावी. तिथे पिण्याचे पाणी असावे, चार झोळ्या टांगता येतील असे खांब असावेत, आणि तिचे भाडे कुणाकडून घेऊ नये. तोवर वळसंगच्या, किंवा कुठल्याही गावच्या, लहान मूल असलेल्या घराने अक्षतांचा आणि दारूकामाचा दिवस मोठ्यांवर सोडावा, आणि लेकराला घेऊन यात्रेचे मुख्य दिवस उलटल्यावर, आठवड्याच्या मधल्या एखाद्या सकाळी जावे. तेव्हा गर्दी ओसरलेली असते, पाळणे चालू असतात, आणि पांगुळगाड्याचा भाव निम्म्यावर येतो.